पहिला बॉल धरायचा नाही

“मास्तर, ताप आलाय असं सांगितलं, तर ते फार मोठं खोटं होईल का?”

बर्नाबस मास्तर बशीत चहा ओतत होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

“कुणाला सांगायचंय?”

“आमच्या कॅप्टनला. उद्या फायनल आहे... मला नाही जमणार.”

विचारणारी शर्वरी बोरुडे. चर्चमागच्या सिमेंटच्या कोर्टावर मी रोज संध्याकाळी पाय मोकळे करायला जातो, म्हणून हे माझ्या कानावर पडलं. मुद्दाम ऐकलं नाही. बरं, ऐकलं.

मास्तरांनी सगळी हयात या कोर्टावर पोरापोरींना बास्केटबॉल शिकवण्यात घालवली. आता गुडघे गेलेत. तरी कोर्टाच्या कडेला खुर्ची टाकून बसतात, आणि ज्याला यायचं तो येतो.

शर्वरी कॉलेजच्या टीममध्ये खेळते. काल सेमीफायनलच्या अगदी शेवटी तिला दोन फ्री थ्रो मिळाले. म्हणजे आडवं यायला कुणी नाही, रेषेवर उभं राहायचं आणि निवांत बॉल टाकायचा. दोन्ही चुकले. त्यातला एक तर रिंगला शिवलासुद्धा नाही. टीम कशीबशी जिंकली, पण हिची पार झोप उडाली.

“इथं माझा बॉल चुकत नाही, मास्तर. आईला विचारा. मग मॅचमध्येच माझ्या हाताला काय होतं?”

“चुकतच नाही?”

“शंभरातले नव्वद जातात!”

हे म्हणताना पोरीची मान ताठ झाली. घाबरलेली होती, पण तोरा काही कमी नव्हता.

“दाखव,” मास्तर म्हणाले.

तिची आई उज्ज्वलाताई पदर खोचून रिंगखाली जाऊन उभी राहिली. ही बाई रोज लेकीबरोबर येते. बॉल रिंगमधून पडला की उचलायचा आणि लेकीच्या हातात नीट द्यायचा, हे तिचं काम. खेळातलं तिला ओ की ठो कळत नाही. पण माया अशी की बघत राहावं.

शर्वरीनं बॉल टाकला. चुकला.

“तो धरू नका हं मास्तर,” उज्ज्वलाताई लगबगीनं म्हणाल्या. “हात थंड असतो पहिल्यांदा.”

दुसराही चुकला.

“हा पण नका धरू. माझ्याकडूनच बॉल वाकडा गेला तिच्याकडे.”

मग मात्र हात बसला. काय सुरेख हात! कोपर आत, मनगट मऊ, बॉल सुटल्यावर बोटं अलगद रिंगकडे झुकलेली. एकामागून एक जात होते. मध्येच एक बाहेर गेला, तर उज्ज्वलाताईंनी वाऱ्याला शिव्या घातल्या आणि तोही सोडून दिला.

“पाहिलंत?” शर्वरी म्हणाली.

“पाहिलं. हात झकास आहे. त्यात काही सांगण्यासारखं नाही.”

“मग?”

मास्तरांनी बशी तोंडाला लावली. निवांतपणे चहा संपवला.

“लहानपणी गल्लीत खेळताना तू कच्चं लिंबू असायचीस का गं?”

“असेन. सगळ्यात लहान होते मी. आउट झाले तरी धरायचे नाहीत.”

“अजून आहेस.”

शर्वरीचा चेहरा लालभडक झाला. माझ्या मनात आलं, आता ही बॉल आपटून घरी जाणार. गेली नाही. जाणार तरी कुठं? घरी गेली तरी उद्याचा दिवस तिथंही होताच.

“बस इथं,” मास्तर म्हणाले.

ती कोर्टाच्या कठड्यावर बसली.

मास्तर खुर्चीत मागे रेलले. समोरच्या झाडावर पाखरांचा कालवा चालला होता. शर्वरीचा पाय एकसारखा हलत होता. ती तळवे पँटला पुसायची, बघायची, पुन्हा पुसायची.

तिचा फोन थरथरला. तिनं मेसेज वाचला आणि तोंड एवढंसं केलं.

“झीनतचा आहे. कॅप्टन. विचारतेय, उद्या येतेस ना, नावं द्यायचीत... काय सांगू, मास्तर?”

मास्तरांनी रिकामी बशी खुर्चीखाली ठेवली.

“मास्तर, काहीतरी बोला ना!”

“ऊठ. एक टाक.”

“आत्ता? अंग थंड पडलंय माझं. आधी चार-पाच टाकून हात...”

“एकच.”

ती रेषेवर जाऊन उभी राहिली. बॉल आपटला, पुन्हा आपटला. फोन कठड्यावर परत थरथरला, तशी तिची नजर तिकडे गेली. पुन्हा रिंगकडे आली. देवाशप्पथ सांगतो, मीच चालायचा थांबलो.

तिनं बॉल टाकला.

रिंगच्या पुढच्या कडेवर आपटला आणि उड्या मारत मास्तरांच्या पायाशी आला.

शर्वरी धावली. “द्या, द्या, हा नाही, आता बघा...”

मास्तरांनी बॉल मांडीवर घेतला होता. खिशातून हवा भरायची सुई काढली, जिभेवर ओली केली आणि बॉलच्या भोकात खुपसली.

फुस्स...

“मास्तर! अहो, काय करताय!”

बॉल त्यांच्या मांडीवर हळूहळू बसत गेला. त्यांनी वरून दाबून उरलीसुरली हवाही काढली.

“दुसरा नाही.”

“असं कसं? चुकलेला मनात ठेवून मी घरी जाऊ? मला झोप नाही यायची! एक तरी चांगला टाकून जाऊ द्या ना, मास्तर... पाया पडते.”

“काल मॅचमध्ये तिसरा दिला होता का कुणी?”

शर्वरीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तिनं ते बाहीनं पुसलं, पण ते थांबेना.

उज्ज्वलाताईंना ते कुठलं बघवतंय! त्या तरातरा आल्या, लेकीला जवळ घेतलं. मास्तरांकडे असा कटाक्ष टाकला की मीच नजर वळवली.

“तो धरू नको गं बाळा. अंधारून आलंय. रिंगसुद्धा धड दिसत नव्हती.”

शर्वरी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली.

मग डोकं उचलून म्हणाली, “दिसत होती, आई.”

“अगं पण...”

“चुकला. हा धरायचा.”

उज्ज्वलाताईंनी खोचलेला पदर सोडला. मास्तरांनी बसलेला बॉल काखेत मारला आणि काठी टेकत निघाले.

फोन तिसऱ्यांदा थरथरला. शर्वरीनं तो हातात घेतला. अंगठा स्क्रीनच्या वर धरलेला, खाली येईना.

“मास्तर...”

“हं.”

“आणि उद्याही चुकला तर?”

मास्तर थांबले. मागे आले. काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताचा पंजा तिच्या कपाळावर ठेवला. आजारी लेकराला बघतात तसा, नीट, वेळ घेऊन.

“आत्ता चुकलाच की,” ते म्हणाले. “ताप कुठाय?”