शेवटची चिठ्ठी

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात एक कासार आणि त्याची बायको बांगड्या विकून सुखानं राहत होती. एकदा उत्सवासाठी सगळा गाव देवळापुढच्या पटांगणात जमला असताना जमीन हादरली. पाहता पाहता घरं भुईसपाट झाली. माणसं तेवढी वाचली.

गावकरी पारावर बसले. सावडीनं घरं बांधायची, म्हणजे सगळ्यांनी राबून एकेकाचं घर उभं करायचं, असं ठरलं. भिंती जड दगडांच्या नकोत, कारवीच्या काठ्या विणून चिखलानं लिंपलेल्या कुडाच्या बऱ्या, हेही ठरलं. आधी कुणाचं घर, यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. कासाराची चिठ्ठी शेवटी निघाली.

कासाराच्या मनात पाल चुकचुकली. तो बायकोला म्हणाला, "यात काहीतरी काळंबेरं आहे. यांची घरं झाली, की आपल्याकडे कुणी फिरकणार नाही बघ."

"अहो, चिठ्ठी तर तुमच्यासमोरच उघडली!"

"उघडली समोर. पण घडी कुणी घातली?"

त्यानं सावड सोडली. पहिलं घर म्हाताऱ्या गुरवीणबाईचं झालं. स्वतःचं घर होऊनही ती दुसऱ्यांच्या घरासाठी चिखलाची घमेली वाहू लागली. कासार बाभळीआडून बघत होता. 'लोकांना दाखवायला करतेय,' तो मनाशी म्हणाला. पलीकडे कुणी हसलं, की त्याला वाटे, आपल्यालाच हसतायत. एकदा गुरवीणबाई कासारणीला भाकरी देऊन गेली, तर त्यानं विचारलं, "काय काढून घेत होती? किती माल वाचला, हेच ना?"

कुडाच्या भिंतीला कुणीही भोक पाडेल, म्हणून त्यानं दगडांची जाड भिंत रचायला घेतली. हाताखाली एकटी बायको.

"अहो, हा दगड डुगडुगतोय. कुणाला तरी हाक मारू या का?"

"हळू बोल. ऐकत असतील."

भिंत छातीइतकी आली आणि जमीन पुन्हा हादरली. गावातले कूड करकरले, लेपाचे पोपडे पडले, पण घरं उभी राहिली. कासाराची भिंत मात्र कोसळली आणि कासारणीचा पाय दगडाखाली सापडला. कासारानं जीव खाऊन जोर लावला. दगड हलेना. बायको कळवळत होती. शेवटी तो ओरडला, "धावा हो, धावा!"

हाक पुरी व्हायच्या आत माणसं धावत आली. त्यांनी दगड उचलला, मोडलेला पाय बांबूच्या कामट्यांनी बांधला.

दुसऱ्या दिवशी तीच माणसं कारवीचे भारे घेऊन पडलेल्या भिंतीपाशी उभी राहिली. कासार बिचकला. "मी तर सावड सोडली होती. मग कशाला आलात?"

"तू सोडलीस, आम्ही नाही. बाकीची घरं झाली, आज पाळी तुझी," गुरवीणबाई म्हणाली.

"आणि बदल्यात काय द्यायचं?"

"पलीकडच्या गावातही घरं पडलीत. इथलं झालं, की तिकडं जायचंय. चिखल तुडवायला ये."

कासारानं एकेकाचा चेहरा निरखला. घामाखेरीज तिथं काहीच दिसेना. त्यानं धोतर वर खोचलं आणि तो चिखलात उतरला.

घर झालं. कासारीण मात्र जन्मभर लंगडत चालली, आणि त्यासाठी कासाराला दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवता आलं नाही.

तात्पर्य: भूकंपानं पाडलेलं घर शेजाऱ्यांच्या हातांनी पुन्हा उभं राहतं, संशयानं ते हात दूर लोटणाऱ्याचं घर मात्र दुसऱ्यांदा पडतं.