भट्टीच्या माथ्यावरचा भडका

एकदा एका म्हाताऱ्या गुरूकडे शिष्य आला. शिकलेला, म्हणजे फारच. लांब आकाशात तारा फुटतो, गॅमा किरणांचा झोत सुटतो, मागं झळाळी उरते आणि विझत जाते; पण विझता विझता मधेच भडकते. म्हाताऱ्यानं विचारलं, ती का भडकते? शिष्य म्हणे, "बाहेर वायूचे ढग असतात, त्यांना धडक बसते. दुसरं काय!"

म्हातारा त्याला रानात धाकू कोळसेवाल्याच्या भट्टीवर घेऊन गेला. लाकडं रचून, वर पाला नि माती लिंपून पेटवलेला तो ढीग पाच दिवस धुमसत होता. धग उतरत चालली होती. एवढ्यात माथ्याच्या भेगेतून भपकन जाळ उठला नि लगेच बसला.

"भेग बुजवायलाच हवी, नाहीतर सगळ्याची राख!" धाकूनं मातीचं घमेलं उचललं, शिडी लावली.

त्याची बायको गंगी ओरडली, "अवो, नका चढू!"

"वाऱ्यानं भडकला बाई, घाबरता कशाला?" शिष्य म्हणाला. "चढा हो धाकू."

लांब उभं राहून दुसऱ्याला चढा म्हणणारे आपल्यातही कमी नाहीत.

धाकूनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि म्हाताऱ्यानं शिडीला लाथ घातली. धाकू घमेल्यासकट आडवा.

"म्हातारं पिसाळलं का काय!" तो खेकसला.

तोच भट्टीचा माथा आत खचला. धाकू जिथं उभा राहिला असता, तिथं लालभडक खड्डा. गंगीनं धाकूला ओढून मागं घेतलं.

म्हातारा शिष्याला म्हणाला, "विद्वाना, वाऱ्यानं फुललेला जाळ हळू चढतो, हळू उतरतो. हा चटकन उठला, चटकन बसला, आणि मूळची धग आपल्या चालीनं उतरतच राहिली. म्हणजे कारण बाहेर नाही, पोटात. आत पोकळी झाली, कडेची लाकडं तीत पडत होती, पडली की भडका. तुझ्या ताऱ्याचंही बहुतेक तेच. फुटला म्हणजे संपला नव्हे. उधळलेलं परत मधे उरलेल्या कृष्णविवरात पडतं, आणि दर घासाला ते आग ओकतं."

धाकूनं तोंडावरची माती पुसत शिष्याला विचारलं, "मास्तर, पलीकडनं चढू का आता?"

शिष्यानं त्याचा दंड धरला. "मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "थांबा. आधी ऐकू."

चौघं भट्टीकडे कान लावून उभी राहिली. आत काहीतरी घसरलं.