पॅनेलमागची खोली

“मग आरसा लावू का त्यावर?” मी विचारलं.

धोंडीबुवा एका पाटाला पाय बसवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कशावर?”

“टीव्हीच्या पॅनेलवर. अख्खी भिंत प्लायनं झाकलीय मी. अकरा फूट रुंद, वर पार छतापर्यंत. तरी भीती जात नाही.”

“टीव्हीची?”

“नाही बुवा. पॅनेलमागच्या खोलीची.”

हातोडी थांबली.

धोंडीबुवा आमच्यातले जुने सुतार. बायको गेल्यावर ते खिंडीतल्या मठात येऊन राहिले. कुणाचा पाट, कुणाचा पाळणा दुरुस्त करून देतात. घर बांधायच्या आधी लोक त्यांना विचारायला येतात, घर मोडायच्या आधीही येतात. माझा दादा, सदानंद, त्यांच्या हाताखाली शिकला आणि मी दादाच्या हाताखाली. दादाला जाऊन चार महिने झाले.

“खोलीला दार होतं की नाही?” बुवांनी विचारलं.

“होतं. आहे. दारावरच पॅनेल बसवलंय.”

“आत काय आहे?”

“काही नाही. पलंग, कपाट. वहिनीची ट्रंक.”

“म्हणजे काही नाही,” बुवा म्हणाले. “आणि वहिनी कुठं निजते?”

“स्वयंपाकघरात. खाली.”

त्यांनी पाट उलटा केला, पाय हलवून पाहिला. घट्ट बसला होता.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, “बुवा, तुम्ही घर बघितलेलं नाही म्हणून. अख्ख्या तालुक्यात तसं काम नाही. लोक बघायला येतात.”

“असं? सांग तर मग. बाहेरून आत ये.”

मी सांगायला लागलो. कामाचं बोलताना माझी जीभ चालते.

“पहिल्यांदा हॉल.”

“हॉल? लग्नं लागतात का तिथं?”

“सोपा म्हणा. तीन भिंती साईच्या रंगाच्या, एक गडद, कॉफीसारखी. एकच भिंत गडद ठेवली की खोली खोल वाटते. छताला पीओपी. त्याच्या खाचेत निळे दिवे लपवलेत. उजेड दिसतो, दिवा दिसत नाही.”

“बरं.”

“स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा ओटा. वहिनीच्या उंचीचा. खाली ट्रॉल्या, हात लावला की गप्पकन बंद होतात, आवाज नाही. टाइल्सवर फळांची चित्रं नकोत म्हणाली ती, म्हणून साध्या पांढऱ्या. न्हाणीत खालची फरशी खरखरीत घेतली, पाय घसरू नये म्हणून. देवघर कोपऱ्यात, जाळीच्या दाराचं. वर माझी खोली. तिथं पलंगाखालीच सगळे खण केलेत, म्हणजे जागा अडत नाही.”

“झकास,” बुवा म्हणाले. “आणि ती खोली?”

“कुठली?”

“लेका, कुठली काय? जिच्यावर टीव्ही लावलास ती.”

“ती साधीच आहे. दादानं त्याच्या लग्नाच्या वेळी केलेली.”

“सांग की. साधी तर साधी.”

मी डोळे मिटले. “समोर खिडकी. खिडकीखाली पलंग, पाय दाराकडं. उजव्या हाताला कपाट, त्याच्या शेजारी ट्रंक. भिंती फिक्या हिरव्या.”

“दारामागच्या भिंतीला काय आहे?”

मी डोळे उघडले.

“खिडकीतून काय दिसतं?”

“बोळ असेल... नाहीतर शेजारच्यांचा शेवगा.”

“छताला?”

“पंखा... पंखा असेल.”

“असेल?” बुवांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. “स्वतःच्या घरात ‘असेल’? अरे, तू खोली उंबऱ्यावरून सांगतोयस.”

मला राग आला. “उंबऱ्यावरून काय? खोली ती खोलीच!”

“तो आजारी असताना आत कोण जायचं?”

“वहिनी.”

“आणि तू?”

“मी औषधं आणायचो. सरकारी दवाखान्यात चार-चार तास रांगेत उभा राहायचो, विचारा कुणालाही. पथ्याचं आणायचो. दारात वहिनीच्या हातात द्यायचो.”

“किती दिवस?”

“दोन महिने.”

मठाच्या पत्र्यावर माकडं धावली. मी दचकून उभा राहिलो. बुवा हसले नाहीत. मी परत बसलो.

“आवाज येतात,” मी म्हणालो. “पॅनेलच्या आतून. दुपारीसुद्धा. मला ठाऊक आहे बुवा, प्लाय वाळताना तडकतं. मागं पोकळी राहिली की आवाज मोठा येतो. गिऱ्हाइकांना मीच सांगतो, घाबरू नका म्हणून. पण घरात तो आवाज आला की मी टीव्ही मोठा करतो. वहिनी येते आणि बारीक करते. मी परत मोठा करतो. काल तिनं प्लगच काढून टाकला. म्हणाली, भावजी, शुक्रवारपर्यंत ते फळकूट निघालं नाही तर मी माहेरी जाते. माझी ट्रंक पण आत पुरलीत तुम्ही.”

“मग जाऊ दे तिला.”

“बुवा!”

“का? तुला मोकळं घर मिळेल. आणखी एक भिंत गडद कर.”

“ती गेली तर दादाचं कोण राहिलं तिथं? आणि मी एकटा... त्या खोलीबरोबर... म्हणून तर आलोय. काहीतरी सांगा. आरसा लावू? नाहीतर देवाचा मोठा फोटो? दार विटांनी चिणून टाकू का? एकदाच काय ते. उद्या गवंडी मिळतो.”

बुवा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू.

“चल,” म्हणाले.

मठाच्या मागच्या बाजूला त्यांची निजायची खोली आहे. बुटकी, मातीची. खिडकीची झडप लावलेली. आत एक बाज आणि खुंटीला घोंगडं.

“निज.”

“तुमच्या बाजेवर?”

“मग काय गादीवर बसवू तुला? निज. सदानं तुला शिकवलं नाही का? खोली ज्याची, त्याच्या उशीवरून बघायची.”

शिकवलं होतं. गिऱ्हाइकाच्या रिकाम्या खोलीत शिरला की दादा आधी फरशीवर आडवा व्हायचा. पलंग जिथं येणार तिथं. लोक हसायचे. म्हणायचे, मिस्त्री, झोपायचे पैसे लावू नका. दादा पडल्या पडल्या सांगायचा, “इथं दिवा डोळ्यात जातोय. इथून दार दिसत नाही. माणूस आजारी पडला तर कोण आलं, कोण गेलं, कळायला नको?” मी उभ्यानं टेप धरायचो. मला वाटायचं, वेळ घालवतो.

मी बाजेवर पडलो. पाय दाराकडं.

बुवा बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.

अंधार झाला. दाराखाली तेवढी उजेडाची एक पट्टी. वासे दिसेनात. घोंगडं खुंटीवर कुणी उभं असल्यासारखं दिसायला लागलं. मी कूस बदलली तशी बाज करकरली. तो आवाज मला ठाऊक होता. दादाचा पलंग तसाच करकरायचा, आणि मी बाहेर हॉलमध्ये कानावर हात ठेवायचो.

“बुवा,” मी हाक मारली.

उत्तर नाही.

“बुवा, बास झालं. बघितली खोली.”

माझा श्वास मलाच ऐकू येत होता. दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा. घाम फुटला. उठावं म्हटलं तर पाय उचलेनात.

दाराखालच्या उजेडात काहीतरी काळं होतं. दोन ठिपके. पाय.

कुणीतरी दाराशी उभं होतं आणि बोलत नव्हतं.

“दारात कोण आहे?” मी ओरडलो.

ओरडलो आणि माझं मलाच कळलं, मी काय बोललो ते.

उत्तर आलं नाही. पाय तिथंच.

मी कसा उठलो, ठाऊक नाही. बाज उलटली. मी दारावर जाऊन आपटलो. कडी लावलेलीच नव्हती. दार उघडलं आणि मी उन्हात पडलो, बुवांच्या पायाशी.

“इथंच होतात!” मी ओरडत होतो. “दारातच होतात! सावली दिसत होती मला! जीव गेला असता माझा. ओ द्यायला काय झालं होतं तुम्हाला? दारात उभं राहून...”

बुवा उंबऱ्यावर बसले. मीही बसलो. मग मी म्हणालो,

“वहिनी गिरणीत गेली होती. दळण आणायला. घरात मी एकटाच होतो. दुपार होती... अशीच. त्यानं हाक मारली. शिवा म्हणून. मी दारापर्यंत गेलो, बुवा. खरंच गेलो. दार लोटलेलं होतं. आत त्याची छाती वाजत होती, भाता फाटल्यासारखी. माझा हात पुढं होईना. मी तसाच उभा राहिलो. मग त्यानं विचारलं...”

“काय?”

“दारात कोण आहे?”

बुवांनी डोळे मिटले.

“माझी सावली त्याला दिसली असणार, दाराखालून. मी... मी पाय मागं घेतला. आवाज न करता.” मी बुवांचं धोतर धरलं होतं, ते मला नंतर दिसलं. “वहिनी पिठाचा डबा घेऊन आली तोवर संपलं होतं. त्याला काय हवं होतं, ते कुणालाच कळलं नाही. पाणी हवं होतं की काय...”

माकडं कधीच निघून गेली होती. खिंडीतून एक टेम्पो चढत होता, त्याचा आवाज येत राहिला आणि मग थांबला.

“त्याला कळलं असेल का, बुवा? की मीच होतो?”

“तुला कळलं ना, दारात कोण होतं ते?”

मी मान खाली घातली. चार महिन्यांत रडलो नव्हतो. दहाव्याला लोक म्हणाले होते, धाकटा फार घट्ट आहे. मी ढसाढसा रडलो. बुवांनी पाठीवर हात ठेवला नाही. नुसते शेजारी बसून राहिले.

मग ते आत गेले, बाज सरळ केली, माठातलं पाणी आणून दिलं. मी प्यायलो. तांब्या दातांवर वाजत होता.

“वहिनीला सांगू?” मी विचारलं.

“ते तुझं तू बघ. आधी तिची ट्रंक काढून दे.”

“पॅनेल काढतो. आजच काढतो. सोळा स्क्रू आहेत, अर्ध्या तासाचं काम.” मी उठलो, आणि तिथंच थांबलो. “पण त्यामागचं दार उघडून आत जायचं म्हणजे... बुवा, तुम्ही चला की बरोबर.”

“मी नाही यायचा.”

“नुसते दारात उभे राहा.”

“दारात उभे राहणारे पुष्कळ झाले.”

मी पायांकडं बोट केलं. “हे बघा. आताच हे असं होतंय. तिथं काय होईल? पाय लटपटतायत माझे.”

“लटपटू देत,” बुवा म्हणाले. “पाय हळू पडतील. आजाऱ्याच्या खोलीत हळूच जायचं असतं.”