घैसाससरांची संकष्टी

आठवीतल्या हेमांगीला मधुमेह. साखर अचानक उतरली की तिला घेरी यायची. म्हणून परीक्षेत लिमलेटची गोळी चघळायची लेखी परवानगी मागायला ती मुख्याध्यापक घैसाससरांकडे गेली.

"पेपर चालू असताना खायचं नाही म्हणजे नाही! आज माझी संकष्टी आहे. मी मोडतो का नियम?" सर गरजले आणि त्यांनी डब्यातल्या साबुदाण्याच्या खिचडीचा घास घेतला.

हेमांगी गोंधळली. "सर, उपास ना? मग ही खिचडी?"

"ही चालते उपासाला."

"का चालते?"

"का म्हणजे? दिवसभर तग नको का धरायला?"

ती आणखीच गोंधळली. "आणि उपास मोडत नाही?"

"मुळीच नाही!"

"मग सर, माझ्या गोळीनंच नियम कसा मोडतो?"

सरांना ठसका लागला. पाणी पिऊन त्यांनी कागद ओढला आणि सही ठोकून लिहून दिलं, 'हेमांगीला पेपरात गोळी चालते.'