नववा चिंचोका

एका डोंगरी गावात सदोबा नावाचे एक मास्तर होते. राज्याच्या शिक्षण मंडळात डोंगरपट्ट्यातर्फे त्यांना बसायला जागा होती, मत मात्र नव्हते. बाकीच्या आठ सभासदांना ठरावाच्या वेळी एकेक चिंचोका मिळे. तो सर्वांदेखत ‘होय’च्या नाहीतर ‘नाही’च्या तांब्यात टाकायचा. बरोबरी झाली की ठराव बारगळे. सदोबांनी फक्त बोलायचे, अशी त्या मंडळाची रीत.

आणि सदोबा बोलत, अगदी पोटतिडकीने. डोंगरातल्या लहान शाळा बंद कराव्यात, हा ठराव दर दोन-तीन वर्षांनी डोके वर काढी. सदोबा एकेका पोराचे नाव घेऊन सांगत, हा किती कोस चालतो, ती किती ओढे ओलांडते. ऐकून चौघांचे मन द्रवे. चार-चार होत आणि शाळा वाचत. तरी सदोबांना एकच सल होता, आपल्या हाती चिंचोका नाही.

बारा वर्षे अर्जविनंत्या केल्यावर राजाने त्यांना मताचा हक्क दिला. सदोबांचे डोळे भरून आले. वर्गात येऊन ते म्हणाले, “पोरांनो, आता आपल्या शाळेला कुणी हात लावायचा नाही.”

त्याच साली तो ठराव पुन्हा आला. बैठकीआधी ठराव आणणाऱ्या प्रधानांनी सदोबांना हळूच बाजूला घेतले. “मास्तर, हक्क सध्या एका वर्षापुरता आहे बरं का. पुढचं तुमचं वागणं पाहून ठरवू.”

एवढे पुरले. जन्मभर बोलत आलेला माणूस त्या दिवशी बोलायला उठलाच नाही. तरी चौघांनी त्यांचे मागचे बोलणे आठवून ‘नाही’ म्हटले. चार-चार झाले. नववा चिंचोका सदोबांच्या मुठीत घामाने ओला झाला होता. यंदा हक्क सांभाळू, तो राहिला तर पुढे दहा शाळा उघडता येतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. ते उठले आणि चिंचोका ‘होय’च्या तांब्यात टाकून खाली मान घालून बसले.

काही दिवसांनी गावी परतताना चढावर ठकी भेटली. कालपर्यंत पहिल्या बाकावर बसणारी पोर आता शेळ्या राखत होती.

“मास्तर, शाळंला कुलूप लावलं,” ती म्हणाली. “तुमाला त्या दिशी मंडळात बोलवलं नव्हतं का?”

सदोबांनी तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला आणि तसाच मागे घेतला.

सदोबांचा हक्क कायम झाला. पुढच्या बैठकीत त्यांच्यापुढे चिंचोका आला. ते सवयीने बोलायला उभे राहिले. पण ज्याचे नाव घ्यावे असे एकही पोर आता डोंगरातल्या कुठल्याच शाळेत उरले नव्हते.

तात्पर्य: ज्यांच्यासाठी हक्क मागितला, त्यांनाच तो टिकवण्यापायी सोडून दिले, तर हक्क राहतो, पण त्याचा उपयोग कुणालाच उरत नाही.