कापलेले कोपरे

एका तालुक्याच्या गावी गंगाधर भांबुरे नावाचे शिंपी होऊन गेले; सारे त्यांना अण्णा म्हणत. सुईदोरा हातात असतानाच लोकांनी त्यांना नगरपालिकेवर निवडून दिले, मग नगराध्यक्ष केले आणि पुढे आमदार करून थेट विधानसभेत बसवले. शिवणयंत्र मात्र अण्णांनी विकले नाही. "मतदारांचा काय भरवसा," असे ते हसत म्हणत.

अण्णांच्या पश्चात त्यांच्या पत्नी आवडाबाई यांनी घरातले सारे कागद गावच्या वाचनालयाला दिले. वृद्ध ग्रंथपालांनी ते आपल्या शिष्याच्या स्वाधीन केले. जुने कागद कसे जपावेत ही विद्या तो त्यांच्यापाशी शिकत होता आणि नवशिक्याला असतो तेवढा सगळा उत्साह त्याच्या अंगात होता.

बहुतेक कागद म्हणजे लोकांचे अर्ज होते. कुणाला दारात नळ हवा होता, कुणाला वस्तीपर्यंत रस्ता. पण कितीतरी अर्जांचा वरचा एक कोपरा कातरलेला. शिष्य हळहळला. कुणा बेफिकीर कारकुनाचा हा उद्योग असणार असे धरून त्याने मनातल्या मनात त्याला चांगले चार शब्द सुनावले. मग उन्हाळाभर मान मोडून त्याने अशा प्रत्येक अर्जाला नवा कोपरा जोडला. पातळ कागद चहाच्या पाण्यात बुडवून त्याने जुना रंग आणला आणि तांदळाच्या खळीने तो असा बेमालूम चिकटवला, की जोड बोटालाही लागू नये.

कागदांच्या दालनाचे उद्घाटन आवडाबाईंच्या हस्ते व्हायचे होते. आदल्या दिवशी दुपारी ग्रंथपाल पाहायला आले. शिष्य शाबासकीची वाट पाहत शेजारी उभा राहिला. गुरुजींनी सगळे अर्ज शांतपणे पाहिले, वाटीभर पाणी आणि कापूस मागवला आणि ओल्या बोळ्याने पहिला कोपरा सोडवून बाजूला ठेवला. मग दुसरा घेतला.

"गुरुजी, अहो काय करता हे? उद्या बाई यायच्यात!"

"म्हणून तर आज काढतोय. बस, तूही घे कापूस."

गुरूंचा शब्द मोडायचा नाही, म्हणून शिष्य बसला. पण आपल्याच हाताने आपली मेहनत उखडताना त्याचा जीव तीळ तीळ तुटत होता. शेवटी त्याला राहवले नाही. "माझं चुकलं तरी काय, ते सांगा."

"काम तुझं सुबक आहे, त्यात शंका नाही," गुरुजी म्हणाले. "पण हे कोपरे कारकुनाने नव्हे, खुद्द अण्णांनी कापलेत. दुकानात ते मापाची चिठ्ठी जपून ठेवायचे. कपडा शिवून झाला, शिलाई मिळाली, तरी चिठ्ठी तशीच. गिऱ्हाईक कपडा घालून समोर उभं राहायचं, हात वर करून बघायचं, खूश व्हायचं. तेव्हा कुठे अण्णा चिठ्ठीचा कोपरा कापायचे. पुढे अर्जांनाही तोच नियम लावला. या वाचनालयाला वीज मिळावी म्हणून मीच अर्ज केला होता. मंजुरी आली, आम्ही पेढे वाटले. अण्णांनी पेढा खाल्ला, कोपरा काही कापला नाही. दिवे लागले, तरी नाही. मग एका संध्याकाळी न कळवता आले, दिव्याखाली बसले, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वर्तमानपत्र वाचलं आणि खिशातून कात्री काढली. त्या माणसाचे उपकार मी विसरलेलो नाही. आणि ज्या अर्जांचे कोपरे शाबूत आहेत ना, ती त्यांच्या हातून न झालेली कामं. तीही त्यांनी लपवली नाहीत. तू सगळे अर्ज एकसारखे केलेस रे. कुणाचं झालं आणि कुणाचं राहिलं, हे आता कोण सांगणार?"

शिष्याने नवा बोळा पाण्यात बुडवला. त्यानंतर त्याचा हात गुरुजींपेक्षा भरभर चालू लागला आणि दिवेलागणीच्या आत शेवटचा जोड निघाला.

दुसऱ्या दिवशी आवडाबाई आल्या. त्यांना वाचता येत नव्हते. त्या एकेका अर्जाच्या कोपऱ्यावरून बोट फिरवत पुढे सरकत होत्या. एका अखंड कोपऱ्याशी त्या थांबल्या.

"हा मळ्यातल्या शाळेचा का?"

शिष्याने वाचून पाहिले. "हो, आजी."

"राहिला तो. शेवटच्या दुखण्यात कात्री उशाशी ठेवून ह्याचंच विचारायचे." त्यांनी पदराने डोळे टिपले आणि शिष्याच्या पाठीवर हात ठेवला. "पोरा, ह्यांचं सगळं जसंच्या तसं राखलंस. दुसऱ्या कुणी शहाण्याने कोपरे जोडून टाकले असते."

शिष्याने चमकून गुरुजींकडे पाहिले. गुरुजी खिडकीबाहेर काहीतरी पाहण्यात गढून गेले होते. तेवढ्यात त्याला उमगले, की काल गुरुजींनी वाचवले ते नुसते अण्णांचे कागद नव्हते, आपली लाजही होती. त्याने वाकून आवडाबाईंना नमस्कार केला. मग गुरुजींच्या पायांवर डोके ठेवले, आणि ते लवकर उचलवेना.