ऊर्णेचे महाविमान

पूर्वी त्रेतायुगाच्या आरंभी, देवांना पृथ्वीवर पाय टेकवण्याचा कंटाळा येऊ लागला, तेव्हा आकाश विमानांनी गजबजून गेले होते. कुणाचे विमान स्फटिकाचे, कुणाचे सुवर्णाचे. कुणाच्या सज्जांवर रत्नदीप तेवत, तर कुणाच्या घुमटातून अखंड वीणानाद झरत असे. एका बाबतीत मात्र ती सगळी सारखी होती. प्रत्येकात आसन एकच असे.

ही विमाने घडत दुर्लंघ्य पर्वताच्या पायथ्याशी, सुतोया नदीच्या काठी वसलेल्या तक्षग्रामात. तिथले सुतार, लोहार आणि विणकर पिढ्यान्‌पिढ्या देवांसाठी विमाने बांधत आणि स्वतः पायी चालत. त्यांचा मुख्य स्थपती शंकुधर. इंद्राचे सहस्रस्तंभी विमान त्यानेच उभारले होते. आणि त्याच विमानाचा कणा वर चढवताना दोर तुटून त्याचे दोन्ही पाय चिरडले गेले होते. विमान ठरल्या मुहूर्ताला उडाले. शंकुधर ओट्यावर बसला तो बसलाच. इंद्राने त्याला एक शाल पाठवली.

पुढे सुतोया आटली. आधी धार बारीक झाली, मग डबकी उरली, मग तीही सुकून तळ तडकला. पर्वतापलीकडे मोठे सरोवर होते, पण वाट कड्यांची होती. ग्रामसभेने पूर्वापार रीतीप्रमाणे निर्णय दिला: चढू शकतील त्यांनी जावे, लंगडे, जख्ख म्हातारे, दिवस भरत आलेल्या स्त्रिया यांना पाण्याचा एकेक घट देऊन मागे ठेवावे.

शंकुधराची कन्या ऊर्णा सभेतून घरी आली, ती पाय आपटतच.

"रीत आहे, पोरी," शंकुधर शांतपणे म्हणाला. "माझ्या आजोबांनाही असेच ठेवले होते."

"मग ती रीत त्यांच्याबरोबरच संपायला हवी होती! या गावाने देवांना आकाश बांधून दिले, बाबा. आणि तुम्हाला एक घट?"

"आणि शाल," म्हातारा म्हणाला. "शाल विसरू नकोस."

तिला हसू आले नाही. पहाटे ती दोर आणि पांढऱ्या मातीची पाटी घेऊन कोरड्या नदीपात्रात उतरली. विमान बांधण्याआधी त्याची पूर्ण आकाराची आखणी जमिनीवर करण्याची त्यांची पद्धत होती. ऊर्णेने रेषा ओढायला सुरुवात केली आणि गाव काठावर जमले. पंख एका तीरापासून दुसऱ्या तीरापर्यंत पोचले. उदरात सगळे तक्षग्राम मावेल एवढी जागा झाली: म्हाताऱ्यांसाठी टेकायचे बाक, बाळंतिणींसाठी आडोसा, बकऱ्यांसाठीसुद्धा एक कोपरा. आसनांच्या रांगाच रांगा होत्या आणि त्यांत उंच आसन एकही नव्हते.

"हे उडेल?" लोहाराने विचारले.

"देवांची उडतात, ती काय मंत्राने? तुझ्या खिळ्यांनी उडतात!"

लोहाराला हे कुणी आजवर सांगितलेच नव्हते. तो भट्टी पेटवायला गेला.

शंकुधराला दोघांनी उचलून काठावर आणले. त्याने आखणी बराच वेळ पाहिली आणि एकच प्रश्न विचारला. "यजमान कोण? अंगुळ कुणाचा धरणार?"

कारण विमान नेहमी यजमानाच्या बोटाच्या रुंदीने मापत. इंद्राचे विमान इंद्राच्या अंगुळाने, वरुणाचे वरुणाच्या. ज्याचा अंगुळ, त्याचे विमान; इतर कुणाच्या नावाने ते जागचे हलत नसे.

"अंगुळ सगळ्यांचा," ऊर्णा म्हणाली.

"सगळ्यांचा म्हणजे?"

पण ती ऐकायला थांबली नव्हती. तिने घराघराला विमानाची एकेक बरगडी वाटून दिली आणि सांगितले, आपापल्या बोटाने मापा, म्हणजे हे विमान आपापले होईल. सगळे गाव रंधा-करवतीच्या आवाजाने दुमदुमले. बरगड्या तासून झाल्या आणि पात्रात ठेवलेल्या कण्याशेजारी आणून मांडल्या, तेव्हा लोहाराची बरगडी हातभर लांब निघाली, कुंभारणीची तितकीच आखूड, आणि एकीचेही टोक दुसरीला भिडेना.

शंकुधर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "हे विमान आहे की भांडलेल्या भावांचे घर?"

ऊर्णेचे कान तापले. नेमक्या त्याच वेळी आकाश झळाळले आणि सहस्रस्तंभी विमान पात्रावर येऊन स्थिरावले. वज्रधारी, ऐरावतपती, त्रिलोकाचा स्वामी इंद्र सज्जात आला.

"स्थपतिकन्ये," तो म्हणाला, "तुझी कल्पना भव्य आहे, पण सुतारकाम फार वाईट. हा माझा अंगुळ घे. सगळे क्षणात जुळेल."

"आणि मग विमान कुणाचे, देवराज?"

"हे तुला तुझ्या पित्याने शिकवले नाही काय? ज्याचा अंगुळ, त्याचे. मी धडधाकटांना, कामाच्या माणसांना पलीकडे नेईन. तुला अमरावतीत स्थपतिपद देईन."

"आणि यांना?" तिने शंकुधराकडे बोट केले.

इंद्राने खाली पाहिले. "हे कोण?"

ऊर्णेला वाटले, आपले रक्त डोळ्यांत चढले आहे.

"देवराज," ती म्हणाली, "ज्या कण्यावर तुम्ही उभे आहात, त्याच्याखाली यांचे पाय गेले. तुमचा अंगुळ तुम्हालाच लखलाभ असो!"

तिने दोर जमिनीवर ताणला आणि गावाला हाक मारली. "या! एकेक बोट ठेवा. शेजारी शेजारी!" लोहाराचे जाड बोट, कुंभारणीचे निमुळते, आजीचे वाकलेले, पोराचे धुळीने माखलेले, अशी चौसष्ट बोटे दोरावर एकमेकांना चिकटून बसली. शेवटचे शंकुधराचे. ऊर्णेने दोर तिथे कापला, मधोमध दुमडून खूण केली, अर्ध्याचे पुन्हा अर्धे केले, पुन्हा त्याचे अर्धे, असे करत चौसष्टावा भाग हाती आला. तो कुणाच्याच बोटाएवढा नव्हता आणि त्यात प्रत्येकाचे बोट होते.

"हा आमचा यजमान!" ती ओरडली.

त्या मापाने बरगड्या पुन्हा तासल्या गेल्या. पहिल्या दोन एकमेकींत बसल्या, तेव्हा 'टक्' असा आवाज झाला. तो आवाज अमरावतीपर्यंत गेला आणि इंद्राचे आसन हलले.

इंद्राचा चेहरा काळवंडला. वज्र उंचावून तो गर्जला, "उद्धटे! ऐक! ज्यात कुणीच मागे राहणार नाही असे महाविमान मनुष्य कितीही वेळा कल्पो, ते रेषेतच राहील! त्याला कधी आकाश दिसणार नाही!"

वीज कडाडली. विमानाचा सागवानी कणा पाहता पाहता पाषाण झाला आणि वाळूत रुतला. माणसे रडू लागली. ऊर्णा मात्र त्या दगडावर चढून उभी राहिली.

"तुझा शाप बांधण्याला आहे, इंद्रा. आखण्याला नाही! आता माझेही ऐक. प्रत्येक युगात कुणीतरी हे विमान पुन्हा आखील, आणि तू आकाशातून जाताना दर वेळी तुला खाली त्याच्या रेषा दिसतील. त्या पुसण्याचे बळ तुझ्या वज्रात नसेल!"

मग ती खाली उतरली. कणा गेला होता, बरगड्या शाबूत होत्या. "यांच्या डोल्या बांधा," ती म्हणाली. सगळ्या एकाच मापाच्या, त्यामुळे कुठलीही जोडी कुठल्याही जोडीला लागत होती. एकीचा सांधा निखळला तर शेजारची चालत होती. दोरांचे विणकाम झाले, खांदे पुढे आले. सभेत निर्णय देणारे ग्रामवृद्धही पुढे आले. त्यांतल्या कुणी घटांचा विषय काढला नाही. सगळे तक्षग्राम कडे चढू लागले. खांदे सोलवटले, माणसे शिव्या घालत, थांबत, खांदा बदलत चढली, आणि एका गर्भवतीने तर डोलीतच मुलीला जन्म दिला.

खिंडीत पोचल्यावर शंकुधराने डोली वळवायला सांगितली. एका बाजूला सरोवर चमकत होते. त्याने पाहिले ते दुसऱ्या बाजूला, खाली नदीपात्रात. तिथे पांढरी आखणी उभ्या आकाशासमोर पसरली होती. इतक्या उंचीवरून ती आजवर गावातल्या कुणी पाहिली नव्हती. इंद्राचे विमान तिला वळसा घालून चालले होते.

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले.

"ऊर्णे," तो म्हणाला, "डावा पंख आखूड पडलाय."

ती धापा टाकत होती. तिने वाकून पाहिले. खरेच पडला होता.

"पुढच्या वेळी," ती म्हणाली, आणि डोली खांद्यावर घेतली.

सुतोया पुढे पुन्हा वाहू लागली. तो पाषाणाचा कणा तिच्या पात्रात अजून आहे. इंद्राचा शापही अजून उतरलेला नाही: सर्वांना सामावणारे ते विमान युगायुगांत किती जणांनी आखले आणि ते रेषेतच राहिले, याची गणती नाही. तरी दर पिढीत कुणीतरी दोर घेऊन उठते. ही कथा जो ऐकेल त्याला स्वर्ग मिळेलच असे नाही. पण आखायला बसताना त्याने डावा पंख नीट मापून घ्यावा.